समुद्रतळाची छायाचित्रे घेणारे लुई बूताँ

आमच्या आंधळगावापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांनी तो डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि त्यांच्या आईबापांपैकीही पुष्कळांस तो पाहण्याचा योग आला नसेल. तथापि पाण्याशी आमचा परिचय नाही, असे कोण म्हणेल? भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. गावोगावच्या बोड्या, थोरले तलाव आणि वैनगंगेचे विशाल पात्र यांच्या काठी आम्ही लहानाचे मोठे झालो. ढिवर बांधव जाळे ओढू लागले म्हणजे काठावर जमून मासे पाहण्याचा आनंद आम्हांपैकी कोणी घेतला नाही? परंतु जाळ्यात येणारा मासा म्हणजे आपल्या घरातून ओढून काढलेला, तडफडणारा जीव होय. तो पाण्यात कसा वावरत होता, कोणाच्या मागे लागला होता, कोणास भिऊन कोठे दडत होता, यांपैकी एकही गोष्ट त्याच्या त्या अवस्थेवरून आम्हांस कळत नाही.

समुद्राच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक साऱ्या मनुष्यजातीची अशीच स्थिती होती. विद्वानांस जे जलचर ठाऊक होते ते गळाला लागलेले, जाळ्यात सापडलेले, अथवा मद्यार्काच्या बरणीत घालून ठेवलेले. त्यांचा रंग उडालेला आणि अंग आकसलेले. समुद्राचा तळ जिवंतपणी पाहणारे लोक म्हणजे मोती, पोवळी आणि स्पंज काढणारे पाणबुडे. ते वर येऊन जे सांगत त्यात खरे किती आणि कल्पनेचे किती, हे ठरविण्यास ऐकणाराजवळ काहीच साधन नव्हते. जेथे दृष्टी पोहोचत नाही तेथे भीती लवकर घर करते. कोकणचे लोक ज्या माशास मुशी म्हणतात व ज्यास आज सर्वत्र शार्क म्हणतात, त्याच्याविषयी जगभर ज्या भयंकर कथा पसरल्या, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी ह्या न पाहण्यातच होते.

आज आमची मुले मोबाइलच्या पडद्यावर शार्क, कासवे आणि पोवळ्यांची बने घरबसल्या पाहतात. ही चित्रे कोणी, कशी आणि किती कष्टाने घेण्यास आरंभ केला, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. म्हणून ज्या पुरुषाने स्वतः समुद्राच्या तळाशी उतरून छायाचित्रे घेण्याची विद्या प्रथम सिद्ध केली, त्या लुई बूताँ यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

लुई बूताँ यांचा जन्म १८५९ साली फ्रान्स देशात, पॅरिसजवळच्या व्हर्साय ह्या नगरात झाला. प्राणिशास्त्राकडे त्यांचा ओढा होता. १८८० साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने फ्रान्सतर्फे जी मंडळी तिकडे गेली, त्यांत एकवीस वर्षांचे बूताँ होते. आगबोटीच्या त्या काळी हा प्रवास कित्येक आठवड्यांचा असे. दूरदेशचे प्राणी आणि अथांग समुद्र यांचे दर्शन त्यांस ऐन तारुण्यात घडले. पुढे शिंपल्यातील जीवांच्या अभ्यासासाठी ते तांबड्या समुद्रावरही जाऊन आले.

त्यांस गुरू लाभले ते आंरी द लाकाझ-द्यूतिए. प्राणी मेल्यावर त्याची चिरफाड करून भागत नाही, तो जेथे राहतो तेथे जाऊन त्याचे जीवन पाहिले पाहिजे, असा ह्या प्राध्यापकांचा आग्रह असे. त्यासाठी त्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावर दोन प्रयोगशाळा काढल्या. त्यांपैकी दुसरी स्पेनच्या सरहद्दीजवळ, भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल्स-सुर-मेर ह्या लहानशा गावी आहे, आणि तीच बूताँ यांची कर्मभूमी झाली. ह्या संस्थेस फ्रान्स्वा आरागो ह्या शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. ह्याच आरागो यांनी १८३९ साली पॅरिसच्या विज्ञानसभेपुढे दागेर याच्या छायाचित्रणाच्या शोधाची वार्ता जाहीर केली होती. त्यांच्या नावाच्या प्रयोगशाळेतूनच छायाचित्रणाने समुद्रात पाऊल टाकावे, हा मोठा सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

बूताँ यांस समुद्रातील जीव त्यांच्या ठिकाणी पाहावयाचे होते, म्हणून त्यांनी पाणबुड्याचा पोशाख घालून तळाशी उतरण्याची विद्या शिकून घेतली. तो पोशाख आजच्यासारखा सुटसुटीत नव्हता. अंगात रबर लावलेल्या जाड कापडाचा अंगरखा, डोक्यावर काचेच्या खिडक्या असलेले तांब्याचे अवजड शिरस्त्राण, छातीवर आणि पायांत शिशाची वजने. वर नावेतील माणसे हाताने पंप चालवीत आणि लांब नळीतून खाली हवा पोहोचवीत. पंप थांबला किंवा नळी अडकली, तर आत असलेल्या मनुष्याचे प्राण कंठाशी येत. बोलण्याची सोय नव्हती. दोरीस हिसका देऊन खुणा करावयाच्या, एवढेच काय ते संभाषण.

अशा स्थितीत तळाशी पोहोचलेल्या बूताँ यांनी जे पाहिले त्याने त्यांचे चित्त हरण केले. वाऱ्यात शेत डोलावे तशी लाटांबरोबर डोलणारी समुद्रतृणांची कुरणे, खडकांवर पसरलेले पंख्यांसारखे जीव, आणि मनुष्यास न भिता जवळून जाणारे माशांचे थवे. वर आल्यावर ते आपल्या मित्रांस हे सारे सांगू लागले, परंतु शब्द अपुरे पडत. आपण पाहिले ते खरे, पण ते दुसऱ्यास दाखविता येत नाही, ही खंत त्यांच्या मनास लागून राहिली. शास्त्रज्ञाने एकट्याने पाहून समाधान मानावयाचे नसते; पाहिलेले इतरांपुढे ठेवावे आणि त्यांनी ते पडताळून पाहावे, यातच शास्त्राचे सामर्थ्य आहे. पाण्याखाली छायाचित्र का घेता येऊ नये, असा प्रश्न बूताँ यांनी स्वतःस विचारला.

ही कल्पना पूर्वी कोणास सुचलीच नव्हती असे नाही. १८५६ साली इंग्लंडातील वेमथ येथे विल्यम टॉम्प्सन नावाच्या गृहस्थाने पेटीत घातलेला कॅमेरा होडीतून समुद्रात सोडून तळाचे एक चित्र घेण्याचा प्रयत्न केला होता. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर अस्पष्ट अशी काही आकृती उमटली. मात्र तो प्रयोग तेथेच राहिला. टॉम्प्सन स्वतः पाण्याखाली गेले नव्हते. कॅमेरा आंधळ्यासारखा खाली सोडला होता. डोळा आणि कॅमेरा दोन्ही एकत्र खाली नेण्याचे काम बूताँ यांस करावयाचे होते.

हे काम सोपे नव्हते. पहिली अडचण पाण्याच्या दाबाची. समुद्रात दर १० मीटर खाली गेले की वातावरणाच्या दाबाइतका दाब अधिक वाढतो. हवाबंद पेटी खाली नेली तर हा वाढता दाब लहानशा फटीतूनही पाणी आत घुसवितो. यावर बूताँ यांचे बंधू ऑग्युस्त, जे अभियंता होते, त्यांनी उपाय योजला. त्यांनी कॅमेऱ्यासाठी धातूची जलाभेद्य पेटी तयार केली आणि तिला हवेने भरलेला एक रबरी फुगा जोडला. पेटी जसजशी खाली जाई, तसतसा पाण्याचा दाब त्या फुग्यास पिळी आणि त्यातील हवा पेटीत ढकली. त्यामुळे पेटीच्या आतील व बाहेरील दाब सारखा राही व पाण्यास आत शिरण्याचे कारणच उरत नसे. ही युक्ती किती साधी, आणि किती अचूक!

दुसरी अडचण प्रकाशाची. पाणी कितीही स्वच्छ असले तरी ते प्रकाश गिळून टाकते. त्यातही तांबडा रंग आधी नाहीसा होतो आणि खाली केवळ निळसर, हिरवट उजेड उरतो. शिवाय पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण धुक्याप्रमाणे आड येतात. आमच्या बोडीतील गढूळ पाण्यात हात घातला तर कोपरापुढील बोटे दिसत नाहीत, हे मुलांनी आठवून पाहावे. भूमध्य समुद्राचे पाणी पुष्कळ निर्मळ असले, तरी त्या काळच्या छायाचित्रांच्या काचा मंद होत्या. त्यांवर चित्र उमटण्यास फार वेळ लागे.

अशा तयारीने १८९३ साली बान्यूल्सच्या किनाऱ्याजवळ प्रयोग सुरू झाले. कॅमेऱ्याची पेटी, तिची तिवई आणि ती पाण्यात स्थिर राहावी म्हणून बांधलेले वजन, हे सारे दोरीने खाली सोडले जाई. मागून बूताँ उतरत. तळावर तिवई रोवावयाची, कॅमेऱ्याचे तोंड इष्ट दिशेस वळवावयाचे, आणि चिखल ढवळला गेला असेल तर तो पुनः बसेपर्यंत थांबावयाचे. त्यानंतर भिंगावरील झाकण उघडून ते तेथेच वाट पाहत बसत. एका चित्रासाठी कधी कधी अर्धा तास लागे. एवढ्या वेळात एखादा ढग सूर्यावर आला अथवा लाट येऊन तिवई हलली, तर सारे श्रम फुकट जात. इतक्या सायासाने मिळालेल्या चित्रातही खडक, वनस्पती आणि स्थिर बसणारे जीव तेवढे उमटत. समोरून शेकडो मासे गेले तरी त्यांची खूणही काचेवर राहत नसे, कारण ते थांबत नसत. बूताँ यांस तर जिवंत, हलता समुद्र हवा होता.

यासाठी सूर्यावर अवलंबून न राहता प्रकाशच बरोबर खाली नेण्याचे त्यांनी ठरविले. शोफूर नावाच्या विद्युत्-तज्ज्ञाच्या साहाय्याने त्यांनी प्राणवायूने भरलेल्या काचेच्या भांड्यात मॅग्नेशियमची तार ठेवून ती विजेने पेटविण्याचा प्रयोग केला. क्षणभर लखलखाट होई, परंतु उष्णतेने ते भांडे फुटण्याचे भय असे. पुढे छायाचित्रकारांच्या हाती जे झगझगाटाचे दिवे आले, त्यांचा हा एक पूर्वज होय. नंतर प्रयोगशाळेचे यांत्रिक जोसेफ डाव्हिड यांनी दुसरी युक्ती काढली. २०० लिटरचे एक मोठे पिंप घेऊन त्यात प्राणवायु अधिक असलेली हवा भरली. पिंपाच्या माथ्यावर काचेच्या घंटेखाली स्पिरिटचा दिवा पेटत ठेवला, आणि रबरी फुगा दाबताच मॅग्नेशियमची भुकटी त्या ज्योतीवर उडेल अशी व्यवस्था केली. पिंप तरंगू नये म्हणून त्यास जड वजने बांधावी लागत. समुद्राच्या पोटात दिवा जळत आहे आणि त्याच्या प्रकाशात मनुष्य चित्र घेत आहे, हे दृश्य आमच्या वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. बंधूंनी पेटी केली, डाव्हिड यांनी दिवा केला, शोफूर यांनी वीज जोडली, आणि नावेतील माणसांनी तासन् तास पंप चालविला. बूताँ यांनी आपल्या लेखांत ह्या साहाय्यकांची नावे नमूद करून ठेवली. शंभराहून अधिक वर्षांनंतर बान्यूल्सच्या एका यांत्रिकाचे नाव आंधळगावच्या शाळेच्या ह्या अंकात छापले जात आहे, ते ह्या प्रामाणिकपणामुळे.

प्रयोग चालूच राहिले. अधिक मोठा कॅमेरा आणि अधिक चांगली भिंगे आली. हा नवा कॅमेरा इतका जड होता की पाण्याबाहेर तो हलविणे एका माणसाचे काम नव्हते. म्हणून त्यास रिकामे पिंप बांधून पाण्यात त्याचा भार हलका करीत. आता उथळ पाण्यात व चांगल्या उन्हात क्षणात चित्र घेणे शक्य झाले आणि पोहणारे मासे काचेवर येऊ लागले. एमिल राकोवित्सा ह्या रुमानियन शास्त्रज्ञाचे पाणबुड्याच्या पोशाखातील पाण्याखालचे चित्र त्यांनी घेतले, ते आजही प्रसिद्ध आहे. १८९९ साली पाण्याखाली जळणारे विजेचे दिवे वापरून, कॅमेरा दोरीने सोडून, सुमारे ५० मीटर खोलीवरची चित्रेही त्यांनी मिळविली. हे सर्व अनुभव, यशाबरोबर अपयशही न लपविता, त्यांनी १९०० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. केवळ ह्याच विषयाला वाहिलेले ते जगातील पहिले पुस्तक मानतात.

पुढील काळात बूताँ यांच्या जिज्ञासेने इतर वाटा धरल्या. १९०४ साली ते फ्रान्सच्या वैज्ञानिक मंडळाबरोबर हिंदी-चीनमध्ये हॅनोई येथे गेले. तेथून परतताना त्यांनी एक गिबन जातीची वानरी आणली. तिला कित्येक वर्षे घरी वाढवून तिच्या आवाजांचा व शिकण्याच्या रीतीचा त्यांनी मनुष्याच्या मुलाशी तुलना करून अभ्यास केला. बोर्दो येथे ते प्राध्यापक झाले. जपानात कालवे पाळून मिळविलेले मोती खरे की खोटे, असा वाद युरोपातील जवाहिऱ्यांत माजला, तेव्हा शिंपल्यातील जीवांचे जाणते म्हणून त्यांनी अभ्यासपूर्वक सांगितले की हे मोतीही कालवानेच घडविलेले, म्हणून खरेच होत. व्यापाऱ्यांस हे रुचणारे नव्हते, पण जे दिसले ते सांगावयाचे, हा त्यांचा बाणा होता. आयुष्याच्या अखेरीस ते अल्जीरियात होते आणि तेथेच १९३४ साली त्यांचे देहावसान झाले.

त्यांनी लाविलेल्या रोपाचा वृक्ष त्यांच्या मागे फोफावला. मात्र वाटेत एक वेगळे वळणही आले, ते सांगितले पाहिजे. १९१४ साली अमेरिकेतील जॉन अर्नेस्ट विल्यमसन यांनी बहामा बेटांजवळ काचेची खिडकी असलेला पोलादी गोल पाण्यात सोडून त्यात बसून चलच्चित्रे घेतली. लोकांस थरार हवा होता. म्हणून त्यांनी शार्कला आमिष दाखवून जवळ आणविले आणि कॅमेऱ्यासमोर त्याच्याशी झुंज देऊन त्यास सुऱ्याने ठार केले. चित्रपट गाजला, पण शार्कविषयीचे भय त्याने वाढले असेल, कमी झाले नाही. याच्या उलट १९३९ साली ऑस्ट्रियाचे तरुण हान्स हास कॅरिबियन समुद्रात कॅमेरा हाती घेऊन मोकळे पोहत शार्कजवळ गेले. तेव्हा त्यांस आढळले की हा प्राणी मनुष्य दिसताच धावून येणारा राक्षस नाही. पुष्कळदा तो कुतूहलाने जवळ येतो आणि गलका केला तर दूरही पळतो. १९४३ साली कूस्तो आणि गान्यां ह्या फ्रेंच गृहस्थांनी पाठीवर बांधावयाच्या नळकांड्यातून हवा पुरविणारे साधन सिद्ध केले, आणि बूताँ यांच्या मागची ती लांब नळी व तो हातपंप कायमचा सुटला.

आपल्या देशातही ह्या विद्येचे फळ दिसत आहे. जगातील सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, आमच्या पश्चिम समुद्रात येतो. बारा मीटर लांबीचे हे धूड सूक्ष्म जीव व लहान मासे गाळून खाते; मनुष्यास त्याच्यापासून उपद्रव नाही. तरीही गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची फार शिकार होई. २००१ साली कायद्याने त्यास संरक्षण मिळाले. ह्या माशाच्या अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांची रचना प्रत्येकाची निराळी असते, जसे मनुष्याच्या बोटांचे ठसे. त्यामुळे पाणबुडे त्याच्या कुशीचे छायाचित्र घेतात आणि शास्त्रज्ञ त्यावरून तोच मासा पुनः कोठे दिसला हे ओळखतात. ठिपके जुळविण्याची ही रीत आकाशातील ताऱ्यांच्या चित्रांची जुळणी करणाऱ्या गणितावरून घेतलेली आहे. मासा न मारता, त्यास बोटही न लावता, त्याची गणती होते. आमच्याच महाराष्ट्रात मालवण येथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि जवळच तारकर्ली येथे पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण मिळते. विदर्भातील मुलानेही ते घेण्यास प्रत्यवाय नाही.

विद्यार्थिमित्रहो, बूताँ यांच्यापाशी राजाचे धन नव्हते. गुरूंनी दाखविलेली दिशा, बंधूंचे व सोबत्यांचे हात, आणि काच बिघडली तरी पुनः खाली उतरण्याची चिकाटी, एवढ्या भांडवलावर त्यांनी समुद्राचे दार उघडले. परमेश्वराने पाण्यात जी सृष्टी निर्माण केली ती ओढून वर काढण्यापूर्वी एकदा तिच्या घरी जाऊन पाहावी, हे त्यांनी जगास शिकविले. आपल्या गावची बोडी समुद्राइतकी खोल नाही, पण तिच्यातील जीवही आपण अजून नीट पाहिलेले नाहीत. पुढच्या सुटीत काठावर गुपचूप बसून एखाद्या माशाच्या, बेडकाच्या किंवा पाणकोळ्याच्या हालचाली पाहाव्या, दिसेल तेवढेच वहीत लिहावे, आणि ते कोणाच्या मदतीने कळले त्याचेही नाव लिहावे. पालकांनीही मुले पाण्याकाठी रिकामी बसली म्हणून रागावण्यापूर्वी ती काय पाहत आहेत एवढे विचारावे. मात्र काठ निसरडा असल्यास त्यांच्याजवळ बसावे. एखादे वेळी पाहण्यासारखे त्यांसही काही सापडेल.